रशियातून आलेल्या सुनेची मराठी

कुकरची रिंग घ्यायला मी त्या दुकानात गेले होते. वर्ध्याच्या बाजारात भांड्यांची दुकानं बरीच, पण नालवाडीहून सायकलवर येताना हे पहिलं लागायचं. रिंग कागदात गुंडाळून देताना गादीवरचे मालक माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहत राहिले. मग त्यांनी विचारलं, "बाई, तुमी मुलींच्या शाळेत मराठी शिकवता न?"

"हो."

"आमच्या सुनेले शिकवान का?"

व्यापाऱ्यांच्या घरात कधीकधी दूरच्या मुली सून म्हणून येतात. मला वाटलं, असेल गुजराती नाहीतर तेलुगू. कुठली म्हणून विचारलं, तर दुसरं गिऱ्हाईक ऐकत नाही ना ते त्यांनी बघून घेतलं आणि आवाज खाली करून म्हणाले, "रशियाची."

नव्वदच्या दशकातली ही गोष्ट. आमच्या भागातली काही मुलं त्या वर्षांत डॉक्टर व्हायला रशियाला जात. यांचाही मुलगा गेला होता. तो डिग्री घेऊन आला आणि सोबत बायको घेऊन आला. आता तो नागपूरच्या एका दवाखान्यात काम करत होता. शनिवारी संध्याकाळी घरी यायचा, सोमवारी सकाळच्या गाडीनं परत. बाकीचे दिवस ती सासूसासऱ्यांजवळ. तिला इंग्रजी येत नव्हतं, हिंदी येत नव्हतं, आणि तिची भाषा घरात नवऱ्याखेरीज कुणालाच येत नव्हती.

घरी येऊन मी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "घरात दोन माणसं दिवसभर मराठी बोलतात. ती असताना तुला कशाला बोलावतायत?"

प्रश्न बरोबर होता. मी स्वतः साताऱ्याकडची. लग्न होऊन वर्ध्याला आले तेव्हा इथली मराठी नीट कळायला मलाही बरेच दिवस लागले होते. त्यात, मी विषय काढल्यावर शाळेच्या स्टाफरूममध्ये या सुनेबद्दल काय काय कानावर पडलं. कोणी म्हणे ती घरातलं सोनं घेऊन पळणार. कोणी म्हणे तिकडे तिचं आधी एक लग्न झालंय. कोणी म्हणे सासूनंच तिला कोंडून ठेवलंय. यातलं खरं काहीच वाटत नव्हतं, पण खोटं म्हणून सोडूनही देता येत नव्हतं. मी होकार दिला तो थोडा शिकवण्याच्या हौसेनं आणि थोडा, आत काय चाललंय ते बघावं म्हणून.

दुकानाच्या मागे एक लांबट खोली होती. एका बाजूला गवतात बांधून आलेली स्टीलची भांडी, दुसऱ्या बाजूला सतरंजी. ती माझ्यासमोर बसली. पंचविशीची असेल. भुऱ्या केसांची घट्ट वेणी, अंगावर नव्याकोऱ्या कॉटनचा सलवार-कमीज, आणि चेहऱ्यावर दवाखान्यात नंबर लावून बसलेल्या माणसाचा भाव. मी पुस्तक उघडणार तेवढ्यात तिच्या सासूबाई सुपात तुरीची डाळ घेऊन आल्या आणि आम्हा दोघींच्या मधोमध बसल्या.

"तुमचं चालू द्या," त्या म्हणाल्या. "मी आपली डाळ निवडते."

डाळ स्वच्छ होती. मी नीट पाहिलं, तिच्यात एक खडा नव्हता.

मी पहिलीचं पुस्तक नेलं होतं. अननसाच्या चित्रावर बोट ठेवून "अननस" म्हणाले. तीही म्हणाली. मग कमळ, गरुड, मगर. तास संपेपर्यंत तिनं पुष्कळ शब्द म्हटले. दुसऱ्या दिवशी त्यातला एकही तिला आठवला नाही. आठवणार कसा? त्या घरात अननस येत नव्हता आणि मगरीशी तिला काही काम नव्हतं. वर्गात मुलींना जे चालतं ते इथं चालणार नाही हे मला कळलं, पण मग काय चालेल ते कळत नव्हतं. तेवढ्यात आतून चहा आला आणि ती आपणहून म्हणाली, "चाय."

सासूबाईंचा हात सुपातच थांबला. "हे तिले कोणं शिकवलं?"

कोणीच शिकवलं नव्हतं. तिच्या भाषेतही चहाला चायच म्हणतात, हे पुढे शनिवारी तिच्या नवऱ्यानं सांगितलं. पण त्या दिवशी सासूबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी आणि सुनेनं आधीच कुठं भेटून काही ठरवलंय.

मी पुस्तक घरी ठेवून दिलं. खोलीत भांडी होतीच. मी एक पातेलं उचललं, तिच्या हातात दिलं आणि म्हणाले, "घे." मग हात पुढे करून, "दे." मग, "ठेव." "उचल." "झाक." मी बोलायचं, तिनं करायचं. तिनं बोलायची काही जरुरी नाही, हे मी तिला ओठांवर बोट ठेवून सांगितलं. त्या बोटानं तिचे खांदे सैल झालेले मला दिसले. तोंड उघडण्याची सक्ती गेल्यावर ती झपाट्यानं ऐकू लागली. 'दे' तर तिला लगेच बसला, त्यांच्याकडे 'दाय' म्हणतात. तीनला त्यांच्याकडे 'त्री'. ते ऐकून सासूबाई म्हणाल्या, "पोथी वाचल्यावानी बोलते."

मी पातेलं म्हणायचे त्याला त्या घरात गंज म्हणत. मी उलथनं म्हणायचे त्याला सराटा. सासूबाई मला दुरुस्त करायच्या आणि मी मान हलवून पुढे जायचे. तेव्हा मला ते फारसं महत्त्वाचं वाटलं नाही.

मी चुकतच शिकवत होते. एका दिवशी डावा आणि उजवा दोन्ही हात एकदम शिकवले. जोडीनं शिकवलं तर सोपं जाईल असं वाटलं होतं. झालं उलटंच, तिच्या डोक्यात ते दोन शब्द असे गुंतले की कित्येक दिवस ती दर वेळी थबकायची. दुसऱ्या दिवशी सगळी नाती एकदम घेतली, सासू, सासरे, जाऊ, नणंद, आणि संध्याकाळी तिनं सासऱ्यांना पाणी देताना "सासू, पाणी" म्हटलं. ते मिशीत हसले. सासूबाई हसल्या नाहीत. त्यांना वाटलं मी मुद्दाम शिकवलं. तेव्हापासून मी एकमेकांसारखे शब्द कधी एका दिवशी शिकवले नाहीत. आधी उजवा. जेवायचा हात उजवा, पैसे घ्यायचा हात उजवा, देवाला फूल वाहायचा हात उजवा. तो हाडात मुरला की मग डावा.

दुसरी गोष्ट मी शिकले ती गप्प राहण्याची. कालचे शब्द मी सांगत नसे, विचारत असे. ती अडली की थांबायचे. तिच्या कपाळावर आठी पडायची, ओठ हलायचे, आणि बऱ्याचदा शब्द वर यायचा. असा ओढून काढलेला शब्द पुन्हा बुडत नाही. दोन दिवसांनी विचारायचे, मग आठवड्यानं, मग महिना गेल्यावर अचानक. सासूबाईंना ही शांतता सोसत नसे.

"तुमाले माहीत आहे, तरी सांगत काऊन नाई?" त्यांनी एकदा विचारलंच.

"तिला आठवू द्यायचं, काकू."

"माहीत असून सांगत नाई, हे कोणतं शिकवणं आहे?" त्या म्हणाल्या आणि सूप जोरात पाखडलं.

आणखी एका दिवशी मी निघताना त्या दारापर्यंत आल्या. मी चपला घातल्या. मग म्हणाल्या, "बाई, तिले 'नाई' शिकवू नका."

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. "काय शिकवू नको?"

"नाई. 'नाई' म्हणाचं शिकवू नका. अन् 'काऊन' पण नको. बाकी सगळं शिकवा."

सायकल नालवाडीकडे वळवली तेव्हा माझं डोकं सुन्न झालं होतं. नाही म्हणता येऊ नये आणि का म्हणून विचारता येऊ नये. असं माणूस कोणाला हवं असतं? स्टाफरूममधल्या गोष्टी, ज्या मी अर्ध्या सोडून दिल्या होत्या, त्या सगळ्या परत आल्या. रात्री नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "मी म्हटलं नव्हतं?"

पण 'नाही' शिकवावं लागतच नाही. ते घरात भाजी-पोळीसारखं येतं. आठ-दहा दिवसांतच ती चहाचा दुसरा कप नाकारताना "नाई" म्हणाली, अगदी इथल्या सुरात, आणि सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली की मी नाही शिकवलं. त्यांनी विश्वास ठेवला असेल असं मला वाटत नाही.

थंडी सुरू झाली तेव्हा तिनं माझ्यावरच आळ घेतला. सासूबाई दुकानात गिऱ्हाईकाला परात दाखवायला गेल्या होत्या. ती एकदम पुढे वाकून म्हणाली, "बाई, तू खोटं."

"मी काय केलं?"

"तू शिकवते मला. घरी मला नाई." तिनं बोटं मोजली. "सासू, मले. बाबा, मले. भाजीवाली, मले. तू एकटी, मला." तिच्या डोळ्यांत राग होता, आणि रागाखाली भीती. तिला वाटत होतं की या लोकांनी मला एक वेगळीच भाषा शिकवायला आणलंय, जी शिकून तिला घरातलं काहीच कळणार नाही.

हे माझ्या डोक्यात कधीच आलं नव्हतं. मी पुस्तकातली मराठी घेऊन यायचे, घरात दुसरी मराठी चालायची, आणि ती बिचारी दोन्हींच्या मध्ये उभी राहून कोण खोटं बोलतंय ते शोधत होती. मी तिला सांगायचा प्रयत्न केला की दोन्ही खरं आहे. तिला तेवढे शब्द येत नव्हते आणि मला तेवढ्या थोड्या शब्दांत सांगता येत नव्हतं. शेवटी मी तिचा हात धरला आणि म्हणाले, "आजपासून मले."

मग आमची पद्धत बदलली. शब्द मी आणायचे नाहीत, तिनं आणायचे. घरात, बाजारात जे कानावर पडेल ते तसंच्या तसं, सुरासकट. लिहायचं नाही, कारण लिहिताना ती ळ चा ल करायची आणि भ चा ब. तोंडात धरून आणायचं. आणि तिनं आणलं की मी अर्थ सांगायचा नाही. मी विचारायचं, कोण बोललं? कोणाशी बोललं? हातात काय होतं? बोलून झाल्यावर काय केलं? या चार प्रश्नांची उत्तरं आली की बहुतेक वेळा अर्थ तिच्याच हाती लागायचा.

एकदा तिनं "भुरी" आणलं. भाजीवाली म्हणाली होती, मेथीची जुडी देताना, शेजारणीकडे पाहून. मग दोघी हसल्या. मी काही न सांगता खिडकीबाहेरची भुरी मांजर दाखवली. तिनं मांजरीकडे पाहिलं, आपल्या वेणीकडे पाहिलं, आणि म्हणाली, "हं." पुढच्या वेळी ती भाजीवालीला म्हणाली, "भुरीले मेथी दे." भाजीवालीनं त्या दिवशी वरून कोथिंबीर दिली.

पण हे शिकवणं पोलिसी चौकशीसारखं होतं, हे मला जाणवत होतं. ती घरात कान लावून हिंडू लागली. काही बोलणं चालू असताना ती आली की सासूबाई गप्प होऊ लागल्या. त्या गप्प झाल्या की तिला वाटायचं आपल्याबद्दलच चाललं होतं. आणि मी त्या दोघींच्या मध्ये बसून एकीकडून शब्द गोळा करत होते.

त्याच दिवसांत मी 'लावणे' घेतलं. एक शब्द एकटा शिकवला तर तो उपाशी राहतो असं मला वाटू लागलं होतं, म्हणून त्याच्या सोबतीसकट द्यायचा. दिवा लाव. दार लाव. कुकर लाव. टिकली लाव. तेल लाव. तिला हा खेळ फार आवडला. ती खोलीभर फिरून लावता येण्यासारखं शोधायची. सासूबाईसुद्धा सुपातून मान वर करून म्हणाल्या, "तुळस लावते. चुना लावते. फोन लावते." तिघी हसलो. त्या खोलीत सगळ्या एकदम हसलो असं ते पहिल्यांदाच.

त्यानंतर काही दिवसांनी मी गेले तर ती दारातच उभी होती. सासूबाई देवघरात होत्या. तिनं अगदी हळू, पण एक अक्षर न चुकता म्हटलं, "पोराचं लग्न लावून देऊ."

लग्न तिला माहीत होतं. घरासमोरून वराती जाताना मी दाखवलं होतं.

"कोण बोललं?" मी विचारलं.

"सासू."

"कोणाशी?"

हिंगणघाटहून एक जोडपं आलं होतं, दूरच्या नात्यातलं. सोबत त्यांची मुलगी, लग्नाच्या वयाची, साडी नेसलेली. ते तिनं हातानं पदराची खूण करून दाखवलं. चहा हिनंच नेला. ही आत आली की बोलणं थांबलं, ही बाहेर गेली की सुरू झालं. दाराआडून तिनं एवढंच ऐकलं.

"बोलून झाल्यावर काय केलं?"

"साखर," ती म्हणाली. एकमेकांच्या हातावर साखर ठेवली.

माझे प्रश्न संपले होते आणि सगळी उत्तरं एकाच ठिकाणी बोट दाखवत होती. घरात मुलगा एकच. त्याचं लग्न लावून द्यायचं, समोर साडी नेसलेली मुलगी, आणि वर साखर. तिकडच्या कागदावरच्या लग्नाला इथं कोण विचारतं? मला 'नाई' आणि 'काऊन' आठवले. या मुलीला समजेल एवढी मराठी शिकवायची आणि बोलता येऊ नये एवढी अडवायची, त्यासाठीच मला आणलं असावं, असं मला त्या क्षणी अगदी स्पष्ट वाटलं.

ती माझ्या चेहऱ्याकडे पाहत होती. माझ्या चेहऱ्याचं भाषांतर तिला करून देण्याची गरज नव्हती.

मी तिला खरं तेच सांगितलं. 'लावून देऊ' म्हणजे मोठी माणसं लग्न करून देतात. 'पोराचं' म्हणजे तुझ्या नवऱ्याचं. पण कोणाशी, ते या वाक्यात नाही. ते तू विचार. आणि मी तिला 'कोणाशी' शिकवलं. मी कोणाशी बोलते? तुझ्याशी. भाजीवाली कोणाशी भांडते? गिऱ्हाइकाशी. पोरगी कोणाशी खेळते? मांजरीशी. तिनं पुन्हा पुन्हा म्हटलं. शेवटचं वाक्य आम्ही दोघींनी म्हटलं नाही. देवघरातली घंटा वाजली, सासूबाई बाहेर आल्या, आणि मी गंजाचं झाकण उचलून "झाक" म्हणाले.

नवऱ्याला तू का विचारत नाहीस, असं मी तिला नंतर विचारलं. ती म्हणाली, "तो हसते. म्हणते, आई अशीच." तिचा आता त्याच्यावरही विश्वास राहिला नव्हता.

संक्रांतीचं हळदीकुंकू त्यांच्याकडे मोठं असायचं. वाण म्हणून स्टीलच्या वाट्या. खोलीत दाटीनं बायका बसल्या होत्या, आणि त्यात हिंगणघाटची ती बाई आणि तिची मुलगीही होती. सून साडी नेसून तिळगुळाचं ताट फिरवत होती. बायका तिच्या साडीच्या निऱ्या पाहत होत्या आणि तिचं पाऊल कधी अडखळतं याची वाट पाहत होत्या. कोणीतरी सासूबाईंना विचारलं, "मंग यंदा उन्हाळ्यात काय बेत?"

सासूबाई एका बाईच्या कपाळाला कुंकू लावत होत्या. त्या म्हणाल्या, "उन्हाळ्यात पोराचं लग्न लावून देऊ."

सुनेनं ताट खाली ठेवलं. ती सरळ उभी राहिली आणि म्हणाली, "लग्न कोणासंग?"

आवाज मोठा नव्हता. पण खोलीतल्या सगळ्या बांगड्या थांबल्या. सासूबाईंचं कुंकवाचं बोट हवेत राहिलं. हिंगणघाटच्या बाईनं हातातली कपबशी खाली ठेवली. सासूबाईंनी सुनेकडे पाहिलं, मग वळून माझ्याकडे.

"हे तुमी शिकवलं?"

"मी 'कोणाशी' शिकवलं होतं," मी म्हणाले. "'कोणासंग' तिनं इथंच उचललं."

सासूबाई पुन्हा सुनेकडे वळल्या. मग त्या म्हणाल्या, "तुह्यासंग. अन् कोणासंग?"

सून तशीच उभी होती. शब्द तिला कळले होते, भरवसा बसत नव्हता. सासूबाईंनी तिचं मनगट धरून तिला खाली बसवलं आणि बायकांना ऐकू जाईल असं बोलू लागल्या. तिकडं कागदावर सह्या केल्या, इथं कोणी पाह्यलं? नातलग विचारतात, खरंच लग्न झालं का? म्हणून इथं मांडव टाकून, चारचौघांत लग्न लावायचं. मुलीकडचं तर कोणी इथं नाही. कन्यादान कोण करणार? म्हणून हिंगणघाटच्या या दोघांना विचारलं. त्यांची पोरगी करवली. ते हो म्हणाले म्हणून साखर.

मी जमेल तितकं हातांनी आणि सोप्या शब्दांनी तिला सांगितलं. ती ऐकत होती. मग तिनं सासूबाईंना एकच विचारलं, "मले सांगितलं काऊन नाई?"

बायका हसल्या. सासूबाई हसल्या नाहीत. "तुले कळलं असतं का?" त्या म्हणाल्या. सून म्हणाली, "कळलं असतं."

नंतर त्यांनी मला स्वयंपाकघरात बोलावलं. तिथं आम्ही दोघीच होतो.

"तुमाले काय वाटलं होतं?"

मी लपवलं नाही. "दुसरी मुलगी बघताय असं वाटलं."

"मंग मले विचाराचं होतं."

"विचारलं असतं तर खरं सांगितलं असतं?"

त्यांनी पोह्यांची परात पुढं ओढली. कोथिंबीर घालता घालता त्या आपणहून म्हणाल्या की ती आली तेव्हा पहिले पंधरा दिवस सगळ्यांना न्येत न्येत, म्हणजे तिच्या भाषेत नाही नाही, करत होती, आणि गल्लीतल्या पोरी मागून चिडवत होत्या. म्हणून वाटलं, 'नाई' आलाच नाही तर बरं. "अन् 'काऊन' म्हटलं तर लोकं म्हणतीन सून उलट बोलते." हे कारण खरं असू शकतं. मला ते तेव्हाही पटलं आणि पटलंही नाही.

लग्न वैशाखात झालं. कूलरसमोर बसूनही माणसं घामानं भिजत होती. अंतरपाट धरलेला असताना ती पलीकडून डोकावून पाहत होती, तिला कोणी थांबवलं नाही. आदल्या दिवशी एसटीडी बूथवरून तिनं आईला फोन लावला होता. मी बाहेर उभी होते. रशियन बोलता बोलता ती मधेच 'मांडव' म्हणाली आणि 'करवली' म्हणाली, आणि मग काचेच्या दाराला टेकून रडली.

मांडवात जेवणं चालली असताना हिंगणघाटची बाई माझ्याशेजारी येऊन बसली. नवरीची आई म्हणून तिला नवी साडी मिळाली होती. ती म्हणाली, "तुमाले एक सांगतो बाई. इच्या सासूनं सांगितला मले तुमचा संशय, पण तो अगदीच खोटा नोहता. आमी त्या दिवशी पोरगी दाखवालेच गेलतो. लोकं म्हणत होते, ती विदेशी काही टिकत नाई. पण आमी तोंड उघडाच्या आधीच पोराच्या मायनं कन्यादानाचं विचारलं. मंग काय बोलता? साखर घेतली हातावर."

"राग नाही आला?"

"आला न. संक्रांतीपरेंत होता. ती पोरगी उभी राहून विचाराले लागली तवा मले वाटलं, आता तरी पोराची माय म्हणते का दुसरं काही." तिनं नव्या साडीचा पदर सारखा केला. "पण नाई म्हटलं."

ती हे अगदी सहज सांगत होती. मी तिच्यावर विश्वास ठेवला. पण सासूबाईंनी तिच्या आधी तोंड उघडलं ते खरंच ठरवून, की चहा घेऊन आलेल्या सुनेकडे पाहून त्याच वेळी मन फिरलं, ते मला कधीच कळलं नाही. सासूबाईंना विचारायचं धाडस मी पुन्हा केलं नाही. आमचं चांगलं जमू लागलं होतं.

लग्नानंतर ती दुपारी दुकानात गादीवर बसू लागली. खेड्यावरून आलेल्या बायका गंज घ्यायच्या निमित्तानं तिला बोलताना ऐकायला थांबायच्या. शिकवणी आपोआप बंद पडली. मी शाळेत मात्र बदलले. मुलींना शब्दार्थ पाठ करायला सांगणं सोडलं. शब्द कुठं ऐकला, कोणाच्या तोंडून, त्याच्या शेजारी कोणता शब्द बसला होता, ते विचारू लागले. मुख्याध्यापिकांना वाटलं मी अभ्यासक्रम टाळतेय, आणि त्यांनी दोनदा माझ्या वर्गाबाहेर उभं राहून ऐकलं. पुढे काही वर्षांनी बाहेरच्या देशांतून वर्ध्यात राहायला, काम करायला आलेली काही मंडळी मराठी शिकायला माझ्याकडे येऊ लागली. त्यांना मी पहिल्या दिवशी भांडी देते आणि गप्प बसायला सांगते. ती माझ्याकडे संशयानंच बघतात.

दोन हजार सालानंतर तिच्या नवऱ्यानं वर्ध्यालगतच्या पिपरी मेघेत स्वतःचा दवाखाना काढला. बाहेरच्या टेबलावर तीच बसते. पेशंटला आत सोडण्याआधी सगळी चौकशी तीच करते, आणि तिच्यापुढे कोणाचं खोटं चालत नाही. मागच्या पावसाळ्यात माझा गुडघा धरला म्हणून मी गेले. माझ्यापुढे एक म्हातारा होता. ती त्याला विचारत होती, "खरं सांगजो बाबा, गोळ्या खाल्ल्या का फेकल्या?" म्हातारा छताकडे पाहू लागला.

माझा नंबर आला. ती मला अजून बाईच म्हणते, फक्त आता 'तुमी' लावून. "तुमाले काय होते बाई?"

"गुडघा दुखतोय."

"दुखते तर सगळ्याइलेच," ती कार्डावर पेन टेकवून म्हणाली. "कसा दुखते? ठणकते, का चमकते? का नुसती कळ येते? चालताना का बसल्यावर?"

मी विचारात पडले. इतके दिवस मी त्या दुखण्याला एकच शब्द वापरत होते. ती पेन धरून थांबली, काही सुचवलं नाही, माझ्या तोंडाकडे पाहत राहिली.

"चमकतो," मी म्हणाले. "जिना उतरताना."

तिनं ते लिहून घेतलं आणि आत जायला सांगितलं.